बोटीचे भाडे

परदेशात स्वतःची मोटार घेऊन फिरायला जाणे ही श्रीमंतांची हौस आहे, असा आपल्याकडे समज आहे. आम्ही गावी सुट्टीला गेलो की कोणी ना कोणी विचारतोच, "गाडी बोटीत चढवून नेता म्हणे? मग काय, बक्कळ कमाई असेल!" खरी गोष्ट उलट आहे. पाच माणसांची ऐन ऑगस्टातली विमानाची तिकिटे, तिकडे उतरल्यावर भाड्याची गाडी आणि दोन वेळचे हॉटेलातले जेवण यांची बेरीज मांडून पाहावी. त्यापुढे बारा वर्षांची जुनी मोटार, टपावर सामानाची पेटी आणि डिकीत तांदूळ, मसाला, शेगडी हा मार्ग निम्म्यात भागतो. अट एकच. इंग्लंड हे बेट आहे, बेटावरून गाडी बाहेर काढायची तर बोट हवी, आणि ती स्वस्तात मिळाली पाहिजे.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता, दोन मुले आणि अम्मी. राहतो लँकेशायरातल्या ब्लॅकबर्नला. कापडगिरण्यांच्या या जुन्या गावात कोकणी मुसलमानांची घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे सुक्या बोंबलांपासून निकाहच्या जेवणातल्या वड्यांपर्यंत कशाची उणीव भासत नाही. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मोरोक्कोला जायचे ठरले. निमित्त मरहूम अब्बांचे. अब्बा एका इंग्रजी कंपनीच्या बोटींवर तीस वर्षे होते. खलाशी म्हणून लागले, टंडेल म्हणून उतरले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून ते किती वेळा गेले याची गणती नाही. तांजियरचे दिवे रात्री कसे दिसतात ते सांगायचे. उतरले मात्र एकदाही नाहीत, कारण त्यांची बोट तिथे थांबतच नसे. अम्मी त्या काळी दाभोळहून आगबोटीने मुंबईला जायची, डेकवरच्या गर्दीत बोचक्यावर बसून. पण परदेशी जाणारी बोट तिने गोदीच्या फाटकाबाहेरूनच पाहिली. ऐंशी ओलांडल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "मना एकदा मोठ्या बोटीत बसव. तुजा बाप तीस वरसां बोटीवर होता, मी एकदाव बसली नाय."

म्हणून नकाशे पसरून बसलो.

इंग्लंडहून बाहेर पडायचे मार्ग अनेक. उत्तरेकडच्या माणसाला सगळ्यात जवळची बंदरे हल आणि न्यूकॅसल. हलहून रात्री निघालेली बोट सकाळी रॉटरडॅमला लावते. हलहूनच बेल्जियमच्या झीब्रुगला जाणारी बोटही होती, ती २०२१ च्या आरंभी बंद झाली. न्यूकॅसलहून आयमाउडनला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या दाराशी जाता येते. पण आम्हाला जायचे दक्षिणेला, हॉलंडात उतरून उगाच वळसा कशाला? दक्षिणेकडे डोव्हर, न्यूहेवन, पोर्ट्समथ, पूल, प्लिमथ अशी बंदरांची ओळच आहे. पोर्ट्समथ आणि प्लिमथहून तर थेट स्पेनच्या सांतांदेरला बोट जाते. दिवस-रात्र मिळून वीस तासांहून जास्त प्रवास, आणि फ्रान्स सबंध टळतो.

या स्पेनच्या बोटीची कुळकथा मजेची आहे. ब्रिटनी फेरीज ही कंपनी दर्यावर्दी लोकांनी काढलेली नव्हे, शेतकऱ्यांनी काढलेली. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडात विकायचा होता, आणि बोट कोणी सोडीना. अलेक्सी गूर्व्हेनेक नावाच्या शेतकरी पुढाऱ्याने मग स्वतःच बोट घ्यायचे मनावर घेतले. १९७३ च्या जानेवारीत, ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरला त्याच आठवड्यात, रॉस्कॉफहून प्लिमथला पहिली बोट सुटली. आपल्याकडच्या सहकारी चळवळीतल्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल. पण भाजीसाठी निघालेली ही बोट ऑगस्टात आमच्या खिशाला झेपण्यासारखी नव्हती. गाडी, पाच माणसे आणि अम्मीसाठी तरी कॅबिन, असा हिशोब एका बाजूचाच हजार पौंडांच्या घरात जाई. तो बेत तिथेच मिटवला.

राहिली इंग्लिश खाडी. डोव्हर ते कॅले हे अंतर अवघे ३३-३४ किलोमीटर. बोटीला दीड तास लागतो. १९९४ पासून खाडीखाली बोगदाही आहे. त्यात गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची आणि ३५ मिनिटांत पलीकडे निघायचे. बोगदा सोयीचा आहे, पण अम्मीला बोगद्यात घालून नेले असते तर तिने आमचे नाव टाकले असते.

या दीड तासाचे भाडे किती असावे? याचे उत्तर कोणालाच धड देता येत नाही. त्याच बोटीचे, त्याच गाडीचे भाडे पहाटे एक आणि सकाळी दहाला दुसरे असते. शनिवारी वेगळे, मंगळवारी वेगळे. काही वर्षांच्या अनुभवाने आम्हाला एवढे कळले आहे की, मध्यरात्र ते पहाट ही गरिबाची वेळ. कॅलेऐवजी डंकर्कला जाणारी बोट दोन तास घेते आणि म्हणूनच बहुधा स्वस्त पडते. गाडीची उंची ही दुसरी मेख. टपावरच्या पेटीने गाडी ठरावीक उंचीच्या वर गेली की भाडे वाढते. बोगद्याच्या आगगाडीत ही रेघ १.८५ मीटरवर आहे. तिकीट काढताना पेटी न सांगणारे महाभाग असतात आणि मग बंदरावर भरपाई करतात. खाडीवरच्या या छोट्या मार्गांचे एक मात्र कौतुक केले पाहिजे. भाडे मुख्यतः गाडीचे असते, डोक्यांचे नव्हे. आमच्यासारख्या भरल्या घरच्यांना हे वरदानच.

ही स्वस्ताई पूर्वी याहून मोठी होती, आणि तिचा इतिहास आम्ही ब्लॅकबर्नच्या जुन्या मंडळींकडून ऐकला, मग वाचलाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत एका पौंडात कॅलेला जाऊन यायची सवलत असे. वर्तमानपत्रातली कुपने कापून ठेवायची, बस्स. एका पौंडात कंपनीला डिझेलसुद्धा सुटत नसणार. मग परवडायचे कसे? बोटीवर करमुक्त दारू आणि सिगारेटचे दुकान असे. माणसे पेट्याच्या पेट्या भरून आणीत, नफा तिथे निघे. म्हणजे जी कोकणी कुटुंबे डबा बांधून, थर्मासात चहा भरून कॅलेच्या चौपाटीवर जाऊन येत, त्यांचे भाडे शेजारच्या बाकावरच्या बाटलीवाल्याने भरलेले असे. हे हलाल की हराम, असा प्रश्न तेव्हा एका मौलवीसाहेबांना कोणी विचारला होता म्हणतात. ते हसून म्हणाले, "तुम्ही तिकीट घ्या, हिशोब ज्याचा त्याला देऊ द्या." युरोपीय संघाच्या देशांमधली ही करमुक्त विक्री ३० जून १९९९ ला थांबली आणि पौंडाची तिकिटे इतिहासजमा झाली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून करमुक्त दुकाने परत आली, तिकिटे मात्र काही पौंडावर उतरली नाहीत.

पौंडाच्या तिकिटाची दुसरीही एक आठवण इंग्लंडात आहे, ती काळी आहे. ६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही बोट झीब्रुगहून डोव्हरला निघाली, ती नाळेकडचा दरवाजा उघडाच ठेवून. गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरले आणि बंदराबाहेर पडता पडता काही मिनिटांत बोट कुशीवर झाली. १९३ माणसे गेली. वर्तमानपत्राच्या पौंडाच्या सवलतीवर सहलीला आलेले त्यांत पुष्कळ होते. दरवाजा बंद करणारा खलाशी कामाने थकून झोपला होता, आणि दरवाजा मिटला की नाही हे कप्तानाच्या खोलीत दाखवणारा साधा दिवाही बसवलेला नव्हता. लवकर सुटा, लवकर पोचा, पुढची फेरी गाठा, अशी घाई मागे होती. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना १९४७ च्या जुलैत रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' आठवते. समुद्रावरची घाई कोणाला काय भावाने पडेल, सांगता येत नाही.

मध्यंतरी स्वस्ताईचे आणखी काही प्रयोग झाले. २००४ मध्ये स्पीडफेरीज नावाच्या कंपनीने डोव्हर ते बूलोन्य अशी एक वेगवान बोट विमान कंपन्यांच्या धर्तीवर, लवकर घेणाऱ्याला स्वस्त, अशा भावाने सोडली. बाकीच्यांनाही भाव उतरवावे लागले. २००८ च्या नोव्हेंबरात ती कंपनी मिटली. सीफ्रान्स ही फ्रेंच कंपनी २०१२ मध्ये बुडाल्यावर तिच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून 'मायफेरीलिंक' या नावाने बोटी चालवल्या, त्या २०१५ पर्यंत. बोटी बोगद्याच्या कंपनीच्या मालकीच्या होत्या आणि ते स्पर्धेच्या नियमांत बसेना, म्हणून तोही खेळ संपला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२४ च्या वसंतात भाडी पाहायला बसलो तेव्हा आम्हाला डोव्हरहून पी अँड ओची एक रात्रीची बोट सगळ्यात स्वस्त दिसली. थोरला तिकीट काढायला बसलाच होता. तेवढ्यात सौ. म्हणाली, "ही तीच ना, ज्यांनी खलाशी काढले?"

तीच. १७ मार्च २०२२ रोजी या कंपनीने आपले ७८६ खलाशी एका दिवसात कामावरून काढले. आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेला निरोप त्यांना ऐकवला आणि त्यांच्या जागी कंत्राटी माणसे आणली. आमच्यासारख्या घरांत ७८६ हा आकडा कशाच्या माथ्यावर लिहितात हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. बातमी वाचताना आम्हाला तो तिथे बघवेना. कंपनीच्या प्रमुखाने संसदेच्या समितीपुढे सांगितले की, नव्या माणसांना तासाला सरासरी साडेपाच पौंड मिळतील. त्या महिन्यात ब्रिटनमधले किमान वेतन ८.९१ पौंड होते. पण बोटीवर दुसऱ्या देशाचे निशाण असले की जमिनीवरचा हा कायदा तिच्या काठाशी थांबतो. पुढे २०२३ मध्ये खलाश्यांच्या वेतनाचा कायदा झाला. वर्षातून निदान १२० वेळा ब्रिटनच्या बंदराला लागणाऱ्या बोटींना तो लागू आहे, पण अंमल सुरू झाला २०२४ च्या डिसेंबरात. आमचा प्रवास त्याआधीचा.

घरात मोठी चर्चा झाली. आमचे म्हणणे, खलाश्याच्या घरातल्या माणसाने या बोटीचे तिकीट घेऊ नये. सौ.चे म्हणणे वेगळे, आणि तेही सोडून देण्यासारखे नव्हते. नव्या भरतीत भारतातून आलेले खलाशी असल्याच्या बातम्या होत्या. त्यांत एखादा आपल्या दापोली-गुहागरकडचा नसेलच असे नाही. त्याला साडेपाच पौंड म्हणजे घरी पक्के छप्पर. आपण रुसून दुसऱ्या बोटीने गेलो तर त्याचे काय भले होणार? थोरला म्हणाला, "पण काढले त्यांचे काय?" धाकटीला फक्त बोटीवर खेळायची जागा आहे का ते हवे होते.

अम्मी इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुजा बाप तरी कोनाच्या जाग्यावर गेल्ता?"

आम्ही गप्प झालो. कारण ते खरे होते. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी बोटींवर डेकवरचे खलाशी बहुतेक रत्नागिरीकडचे आणि काठेवाडकडचे मुसलमान, इंजिनखोलीत पंजाबी, खानपानाला गोवेकर, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होती. सारंग, टंडेल, सुखाणी, कसाब, भंडारी हे शब्द इंग्रज अधिकाऱ्यांच्याही तोंडी बसले होते. या माणसांचे कौतुक फार झाले: निमूट, निर्व्यसनी, कामाला चिवट. पण त्यांना घेण्याचे पहिले कारण ते गोऱ्या खलाश्याच्या पगाराच्या कितीतरी खालच्या पगारावर येत, हेच होते. इंग्लंडातल्या खलाश्यांच्या संघटना त्याबद्दल ओरडत, आणि त्यांची ओरड आमच्या माणसांवर असे, कंपन्यांवर कमी. ब्रिटनने १९७६ मध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा केला, त्यातही परदेशात भरती केलेल्या खलाश्यांना वगळणारे कलम घातले होते. म्हणजे एकाच बोटीवर, एकाच डेकवर, दोन पगार हे कायद्याला मान्य होते. अब्बांच्या त्या पगारावर आमच्या गावी चिऱ्याचे घर झाले, आम्ही दापोलीला शिकलो, आमच्या बहिणींची लग्ने झाली. अब्बांनी कधी तक्रार केली नाही. एकदाच, फार वर्षांपूर्वी, त्यांच्याबरोबरचा गोरा सुखाणी किती घेई ते त्यांनी आकड्यात सांगितले आणि विषय बदलला.

अम्मीचे वाक्य कोणाच्या बाजूचे होते, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. विचारले तर म्हणाली, "मी आपली विचारते."

शेवटी न्यूहेवन ते दिएप ही बोट घेतली. चार तासांचा प्रवास, भाडे दीडशे पौंडांच्या आत, म्हणजे डोव्हरच्या त्या बोटीपेक्षा थोडेसे जास्त. पण दिएपला उतरल्यावर कॅलेच्या मानाने दीडशे किलोमीटर तरी वाचतात, तेवढे पेट्रोल आणि पथकर सुटतात, असे आम्ही वहीत मांडून दाखवले आणि सर्वांनी मान्य केले. हा मार्ग निव्वळ नफ्यावर चालत नाही. पलीकडच्या सेन-मारितीम जिल्ह्याचे सरकार त्याला पैसा पुरवते आणि 'कोत दाल्बात्र' नि 'सेव्हन सिस्टर्स' या दोन्ही बोटी फ्रेंच निशाणाखाली चालतात. म्हणजे आमच्या तिकिटाचा काही भाग या खेपेस फ्रेंच करदात्याने भरला. बाटलीवाल्यापेक्षा हा बरा.

अम्मीला चालणे कमी, म्हणून बंदरावर आधीच सांगितले. ते गाडीचे चारही दिवे लुकलुकते ठेवायला सांगतात आणि बोटीत लिफ्टच्या शेजारी उभी करून देतात. वाचकांपैकी कोणाला वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल तर हे ध्यानात ठेवावे. गाड्यांचा मजला म्हणजे लोखंडी गुहा. हातब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, वर निघून जायचे. बोट चालू असताना खाली थांबू देत नाहीत. नारिंगी कपड्यातला खलाशी हाताच्या इशाऱ्याने गाडी वीतभर वीतभर पुढे घेत होता. अम्मी काचेतून त्याच्याकडे पाहत राहिली. वर गेल्यावर ती बाकावर बसली नाही. कठड्याला धरून उभी राहिली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा की, ही सगळी लोखंडी फरशी रोज धुतात का. अब्बा सांगायचे, पहाटे उठून डेक धुवायचा. आता पाइपाने धुतात, हातात ब्रश नसतो, असे आम्ही सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही.

फ्रान्स आणि स्पेनबद्दल फार लिहीत नाही, रस्ता तो रस्ता. फक्त काटकसर करणाऱ्यांसाठी: रूआंपर्यंत पथकर नाही, प्वातिएहून बोर्दोपर्यंत एन-१० हा दुपदरी रस्ता फुकट आहे आणि मालट्रकवाल्यांच्या सोबतीने छान जाता येते. स्पेनमध्ये सालामांकाहून सेव्हियाला उतरणारा ए-६६ फुकट, तिथून खेरेसमार्गे आल्हेसिरासकडे जाणारा ए-३८१ ही फुकट. भात शिजवायला झाडाखाली बाके आहेत. उन्हाचे मात्र हाल. एस्त्रेमादुरात दुपारी गाडीतल्या खजुरांचा गूळ झाला.

खरी डोकेदुखी कागदांची होती. आम्ही चौघे ब्रिटिश पासपोर्टवाले, अम्मीचा पासपोर्ट भारतीय. तिला युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी ११ जून २०२४ ला ८० ची ९० युरो झाली. ती मोठी गोष्ट नव्हे. पण स्पेनमधून बोटीने मोरोक्कोला गेले की माणूस शेंगेनच्या बाहेर पडतो. परतायचे तर दुसऱ्यांदा प्रवेश हवा. एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर म्हातारी तांजियरच्या धक्क्यावर अडकून पडेल. म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो आणि तो का हवा ते बोटीच्या तिकिटासकट दाखवावे लागते. मोरोक्कोचा व्हिसा २०२२ पासून ब्रिटनच्या रहिवासी परवान्यावर घरबसल्या मिळतो, ते काम सोपे झाले. गाडीचा विमा हाही एक घोळ. युरोपसाठी ब्रिटिश गाडीला २०२१ च्या ऑगस्टपासून हिरवे कार्ड लागत नाही, मोरोक्कोला लागते, आणि पुष्कळ विमा कंपन्या मोरोक्को म्हटले की हात वर करतात. मग उतरल्यावर बंदरावरच विमा विकत घ्यायचा.

सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी फक्त १४ किलोमीटर आहे. दाभोळच्या खाडीत २००३ पासून फेरीबोट धोपाव्याला जाते. तिच्या मानाने अंतर मोठे, पण स्वच्छ हवेत समोरच्या डोंगरावरची घरे दिसतात इतके जवळ. तारिफाहून तांजियर शहराच्या धक्क्याला तासाभरात पोचवणारी वेगवान बोट आहे. ती महाग, आणि लेवांते नावाचा पूर्ववारा सुटला की बंद राहते. आल्हेसिरासहून तांजियर-मेदला दीड तास लागतो, म्हणजे कागदावर. हे नवे बंदर शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. प्रवासी तिथे २०१० पासून उतरू लागले. तिसरा मार्ग सेउताचा. सेउता आफ्रिकेत असले तरी स्पेनचे. तिथवरची बोट तासाची, तिथे पेट्रोल स्वस्त, पुढे पायरस्त्याने मोरोक्कोची हद्द. काटकसरीवाले या मार्गाची शिफारस करतात. पण त्या हद्दीवरच्या रांगेत ऑगस्टात किती तास जातील त्याचा भाव कोण लावणार? ऐंशी वर्षांच्या माणसाला उन्हात बसवून वाचवलेले वीस युरो आम्हाला नको होते.

तिकीट आम्ही आल्हेसिरासच्या अलीकडे पाल्मोनेस इथल्या एका दुकानातून घेतले. तिथे परतीची तारीख मोकळी ठेवून तिकीट मिळते. गाडी, पाच माणसे, जाऊन-येऊन चारशे युरोंच्या आसपास. दुकानदाराने तिकिटाबरोबर केक आणि एक बाटली पुढे केली. बाटली सफरचंदाच्या दारूची. आम्ही ती हसून परत केली आणि केक घेतला. त्यानेही अशी गिऱ्हाइके पाहिलेली असावीत, त्याने निमूटपणे दुसरा केक दिला.

बंदरावर जे पाहिले ते विसरणार नाही. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनीत राहणारे मोरोक्कोचे लोक सुट्टीला गावी निघाले होते. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत तीस लाखांहून अधिक माणसे ही सामुद्रधुनी ओलांडतात. स्पेनचे सरकार १९८६ पासून त्याची खास व्यवस्था ठेवते, आणि मोरोक्कोच्या बाजूने 'मरहबा' या नावाने पाणी, डॉक्टर, सावली असते. गाड्यांच्या टपावर गालिचे, सायकली, फ्रिज, वर निळी ताडपत्री, सगळे दोरखंडाने आवळलेले. रांगेत कुणी चहा करतोय, कुणी पोराला टपल्या मारतोय. सौ. म्हणाली, "हे तर आपले चाकरमानी!" शेजारच्या गाडीतल्या बाईने अम्मीला पुदिन्याचा चहा दिला, अम्मीने तिला आपल्या डब्यातली नारळाची वडी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोन तास बोलत होत्या.

बोट चार तास उशिरा सुटली. वर नमाजची खोली होती, तिथे एकाने सांगितले की बंदरातून बोट वळली की किब्ला बदलतो, म्हणून सुटल्यावर वाचा. उजवीकडे मालवाहू जहाजांची रांग चाललेली, एकामागे एक, पश्चिमेकडे. अम्मीने विचारले, "ह्याच रस्त्यानी जायचा?" आम्ही हो म्हटले. तिला वाटले होते अब्बांची बोट किनाऱ्याच्या फार लांबून जात असेल. एवढ्या जवळून जात होती, आणि उतरू देत नव्हते, याचा तिला राग आला. कोणावर ते तिने सांगितले नाही.

तांजियर, तेतवान, शेफशावेन, फेस हे सगळे पाहून महिनाअखेरीस त्याच वाटेने परतलो. फेसवर लिहायचे तर वेगळा लेख लागेल. एकूण खर्च विमानाच्या हिशोबापेक्षा निम्म्याहून थोडा जास्त आला. थोरला म्हणतो, घरून नेलेला तांदूळ धरला नाही.

अम्मीची मात्र एक तक्रार उरली. दिवसाची बोट झाली, रातीची झाली नाही. अब्बांच्या गोष्टी सगळ्या रातीच्या होत्या. म्हणून त्या ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत न्यूकॅसलहून आयमाउडनला जाणाऱ्या बोटीची चौकशी केली. गाडी न नेता, दोन रात्री बोटीवर आणि मधला दिवस ॲमस्टरडॅममध्ये, अशी स्वस्त सहल असते. तिचा अनेक प्रवेशांचा व्हिसा शिल्लक होताच. थोरला आजीबरोबर जायला तयार झाला. खिडकी नसलेली कॅबिन स्वस्त होती. खिडकीवालीला वीस पौंड जास्त पडले, ते अम्मीने आपल्या भिशीतून दिले.